हाँगकाँग एका दिवसात कसे पाहावे

राहण्याची सोय झाली आहे आणि हाताशी ऑक्टोपस कार्ड (बस, ट्राम, बोटीचे भाडे भरायचे प्रीपेड कार्ड) आहे, असे गृहीत धरतो.

सकाळी कौलून बाजूच्या त्सिम शा त्सुईच्या धक्क्यावरून स्टार फेरीच्या बोटीने बंदर ओलांडून हाँगकाँग बेटावरच्या सेंट्रल या भागात यावे. मुंबईशी नाते असलेल्या दोराबजी नौरोजी या पारशी गृहस्थांनी १८८८ साली ज्या कंपनीची स्थापना केली, तिचीच ही बोट. सकाळी दहानंतर सेंट्रलमधून डोंगर चढणारे रस्त्यावरचे सरकते जिने वर जाऊ लागतात (त्याआधी ते फक्त खाली येतात), म्हणून चढण तेव्हाच गाठावी. दुपारी ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसून शहर पाहावे. चढायचे मागून, पैसे उतरताना पुढे.

खरा घोळ होतो तो पीकवर, म्हणजे व्हिक्टोरिया शिखरावर. सूर्यास्ताच्या तोंडावर पीक ट्रामने (शिखरावर चढणाऱ्या दोरीच्या गाडीने) वर जा, असे जो तो सांगतो, आणि त्यामुळे नेमक्या त्याच वेळी गार्डन रोडच्या स्थानकावर एवढी रांग लागते की उजेड जाईपर्यंत माणूस खालीच अडकतो. पीक ट्रामची हौस असेल तर ती सकाळी भागवावी. संध्याकाळी सेंट्रलहून १५ क्रमांकाची दुमजली बस घ्यावी, वर पुढच्या खिडकीशी बसावे आणि सूर्यास्ताच्या निदान तासभर आधी माथ्यावर पोहोचावे.

वर गेल्यावर तिकीट काढून पीक टॉवर या इमारतीच्या गच्चीवर जाण्याची मला तरी काहीच गरज वाटत नाही. टॉवरच्या बाजूने लुगार्ड रोड निघतो; झाडीतून जाणाऱ्या या अरुंद, जवळजवळ सपाट रस्त्याने पंधरा-वीस मिनिटे चालले की डाव्या हाताची झाडी तशीच राहते, उजवीकडची एकदम सरते आणि सेंट्रलचे मनोरे, बंदर व पलीकडचे कौलून कठड्याखाली उघडे पडते. पैसे लागत नाहीत. मात्र सूर्य मावळताच पाठ फिरवू नये, कारण आकाशात निळा उजेड शिल्लक असताना इमारतींचे दिवे लागतात, तीच वेळ पाहण्याची असते. परततानाही पीक ट्रामच्या रांगेत न शिरता बसच धरावी.

दुपारी बंदरावरून माथा ढगात दिसला, तर मुकाट्याने बेत बदलावा, कारण वर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसणार नाही; विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये हे वारंवार घडते. अशा वेळी त्सिम शा त्सुईच्या किनाऱ्यावर थांबून रात्री आठचा रोषणाईचा खेळ पाहावा.