ग्रामपंचायतीचा हिशेब ठेवताय? या चुका टाळा

ई-ग्रामस्वराज हे पंचायतींच्या हिशेबाचं पोर्टल २०२० मध्ये आलं तेव्हा अनेकांना वाटलं, किर्दीची (रोजच्या जमा-खर्चाच्या वहीची) कटकट मिटली. कसली मिटते! पोर्टल तुम्ही भराल तेच दाखवतं. जळगाव-धुळ्याकडची दफ्तरं तपासताना दरवर्षी तेच मुद्दे निघतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे बँकेचा ताळमेळ घेण्याऐवजी तो 'बसवणं'. धुळे जिल्ह्यातल्या एका गावात नमुना ५ मधल्या, म्हणजे किर्दीतल्या, शिल्लकेपेक्षा पासबुकात ४८,६०० रुपये जास्त निघाले. नव्या ग्रामसेवकाने 'इतर जमा' टाकून आकडे जुळवले आणि मोकळा झाला. खरं तर गटारीच्या ठेकेदाराला पाठवलेली ती रक्कम होती. त्याची बँक विलीन होऊन आयएफएससी (शाखेचा कोड) बदललेला, त्यामुळे पैसे परत आले. किर्दीत मात्र खर्च पडलेला. कानबाईच्या सणाआधी त्या 'जास्तीच्या' पैशांतून पथदिवे लागले, आणि मागोमाग ठेकेदार दारात: "आप्पा, मना पैसा कोठे गयात?" सरपंच प्रमाणक (खर्चाचं व्हाउचर) दाखवतात, सही-शिक्का सगळं आहे. पासबुकात 'रिटर्न' असं स्वच्छ छापलेलं, ते वाचलंच नव्हतं कुणी.

माझी सवय सांगतो. महिना संपला की ५ तारखेच्या आत स्टेटमेंट आणि किर्द शेजारी ठेवायची, ओळीला ओळ पेन्सिलीने टिक करायची. उरलेल्या ओळी कागदावर घ्यायच्या: न वटलेले धनादेश, व्याज, बँकेचं शुल्क, परत आलेल्या रकमा. फरक दहा रुपयांचा असला तरी तो कशाचा ते लिहिता आलं पाहिजे. परत आलेली रक्कम उत्पन्न नाही, ते देणं आहे. 'एक्सेलमध्ये प्लस-मायनस करून टाकतो' म्हणणाऱ्या पोरांच्या हातात मी आधी पेन्सिल देतो.

दुसरी चूक, सरपंचाच्या डिजिटल सहीचं डोंगल (यूएसबी) ऑपरेटरच्या खणात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची, ही दोन कुलपं मुद्दाम ठेवलेली आहेत. नंदुरबारच्या पाड्यांवर रेंज नसते, डोंगल तालुक्याला ठेवावं लागतं, हे समजू शकतो. पण पासवर्ड त्याच डोंगलला चिकटपट्टीने लावलेला? आणि सरपंच बाई असल्या की डोंगल हमखास यजमानांच्या खिशात.

बाकीच्या झटपट. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामासाठीचा, निधी पाणी-स्वच्छतेचाच, त्यातून सभामंडप रंगवू नका. पगार तर अबंधितमधूनही नाही. पेसाचा (आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याखालचा) ५ टक्के निधी ग्रामनिधीत मिसळू नका. नमुना १० ची (करवसुलीची) पावती फाडली की पैसे बँकेत, 'सवडीने' नाही. व्हाइटनर दफ्तराबाहेर ठेवा: चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, वर बरोबर आकडा, सही.

आणि वर्षाची किर्द ३१ मार्चला एका बैठकीत लिहू नका. एप्रिल ते मार्च एकच शाई, एकच अक्षर दिसलं की लेखापरीक्षक पुढची प्रमाणकं एकेक करून मागवतो.