इंजिन बदललेली सॅन स्टॉर्म घेतली, त्याची गोष्ट

सॅन स्टॉर्म ही कार आठवते का, गोव्यात बनायची, दोनच सीट, फायबरची बॉडी, आत रेनॉचं ११४९ सीसी इंजिन? तसली एक इचलकरंजीत दिसली आन् मी भाळलोच. मालक म्हणाला, "इंजिन बदललंय भावा, मक्खन चालतंय." चालत होतं खरं, पण पेट्रोलचा बोळा घेऊन इंजिनच्या ब्लॉकवरचं ग्रीस पुसलं तर तिथला इंजिन नंबर आरसी बुकापेक्षा वेगळाच! म्हणजे कागदावर ते इंजिन या गाडीचं नव्हतंच, उद्या अपघात झाला तर क्लेमला लोंबकळायची वेळ. कायद्यात कलम ५२ हाय, इंजिन बदललं की १४ दिवसात आरटीओला कळवायचं असतं, यानं काय कळवलं नव्हतं. मी अर्धे पैसे अडवून ठेवले. नशिबानं इंजिनचं बिल त्याच्याकडं होतं, मग आरटीओत हेलपाटे मारून आरसीवर नवा नंबर चढवून घेतला, दंड त्यानंच भरला.

खरी गंमत पुढं. करूळ घाट चढताना टेंपरेचरचा काटा लाल. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, दोन मिनिटात हसायला लागला, इंजिन बसवताना फॅनच्या स्विचची वायर जोडलीच नव्हती, नुसती लोंबत होती, वर कूलंटमधे, म्हंजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, हवा अडकलेली. वायर जोडली, गार इंजिनवर झाकण काढून हवा काढली. परवा गगनबावड्याला जाऊन आलो, काटा निम्म्यावर. टपातनं पाणी अजून गळतंय, ते पावसाळ्याआधी बघू.