रिलीजची तारीख हुकते कुठे? या चुका टाळा

"एवढं एक फीचर घेऊ, मग लगेच रिलीज." मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात हे वाक्य ऐकलं की रिलीजची, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढण्याची, तारीख गेली असं मी धरून चालतो. एकासाठी थांबलं की दुसऱ्याचंही काहीतरी 'जवळजवळ तयार' असतं, मग त्यालाच नाही कसं म्हणायचं?

डेबियन या लिनक्स प्रणालीने हे भोगलं आहे. तिची वुडी नावाची आवृत्ती १९ जुलै २००२ ला आली आणि पुढची सार्ज थेट ६ जून २००५ ला. नवा इन्स्टॉलर मुळापासून लिहिणं हे त्या विलंबाचं एक मोठं कारण होतं. आजही डेबियन 'तयार झाल्यावरच' रिलीज करतं, पण फ्रीज, म्हणजे नवे बदल घेणं थांबवणं, कधी सुरू होणार हे कितीतरी आधी जाहीर झालेलं असतं. २०११ पासून दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते आहे. म्हणजे आधी पक्की करायची ती दार बंद करण्याची तारीख. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नवं काम घेण्याची खिडकी दोनच आठवडे उघडी असते. ती चुकली तर पुढची नऊ-दहा आठवड्यांनी येतेच, म्हणून कुणी जिवावर उदार होऊन अर्धवट पॅच (कोडमधला बदल) आत ढकलत नाही. पुढची गाडी नक्की येणार याची खात्री असली की माणसं ही गाडी सोडायला तयार होतात.

दुसरी चूक माझ्या जिव्हाळ्याची आहे: स्ट्रिंग फ्रीज मोडणं. म्हणजे पडद्यावर दिसणारा मजकूर (स्ट्रिंग्ज) आता बदलायचा नाही असं ठरल्यावरही तो बदलणं. एका छोट्या डेस्कटॉप प्रकल्पात आम्ही चौघं मराठी भाषांतर करत होतो. फ्रीज जाहीर झाला, आणि दिवाळीच्या सुट्टीत रात्री जागून आम्ही सगळ्या स्ट्रिंग्ज पूर्ण केल्या. रिलीजला दोन दिवस उरले असताना एका नव्या उत्साही मुलाने मेनूंमधली तीन टिंबं काढून त्या जागी टिंबांचं एकच चिन्ह घातलं. त्याच्या दृष्टीने ही निव्वळ सफाई होती. मेंटेनरनेही, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यानेही, न विचारता ते मुख्य कोडमध्ये मर्ज केलं. पण मूळ इंग्रजी स्ट्रिंग एका अक्षराने जरी बदलली, तरी गेटटेक्स्ट हे भाषांतराचं साधन जुनं भाषांतर 'फझी' (तपासायला हवं असं) ठरवतं, आणि फझी भाषांतर वापरणाऱ्याला दिसतच नाही, त्याजागी इंग्रजी दिसतं. आम्हाला कळलं तेव्हा टॅग, म्हणजे रिलीजची अंतिम खूण, लागून गेला होता. अर्धे मेनू मराठी, अर्धे इंग्रजी. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनी सगळ्यात जास्त काम केलं होतं. ते पुन्हा आले नाहीत, आणि मी त्यांना आग्रहही करू शकलो नाही.

तेव्हापासून फ्रीजच्या दिवशी मी पॉट फाइलची (भाषांतरासाठीच्या मूळ स्ट्रिंग्जच्या यादीची) प्रत बाजूला काढतो आणि रिलीजपर्यंत रोज झोपण्याआधी ताज्या फाइलशी ताडून बघतो. फरक दिसला की त्याच रात्री मेंटेनरला निरोप. ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पात असा फ्रीज मोडायला भाषांतर चमूची परवानगी घ्यावी लागते. छोट्या प्रकल्पांनीही हा नियम उचलावा. नव्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तुमची सफाई पुढच्या आवृत्तीच्या ब्रांचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) टाका, ती वाया जात नाही.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. रिलीजवर डिजिटल सही करायची किल्ली आणि सर्व्हरचा पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवू नका, त्याच्या घरी लग्न निघालं की रिलीज अडकतं. रिलीज नोट्स शेवटच्या रात्री लिहू नका, प्रत्येक पॅचबरोबर एक ओळ मागा. गणपती, दिवाळी, नाताळ आणि विद्यापीठाच्या परीक्षा बघूनच तारीख ठरवा. शुक्रवारी रात्री टॅग लावू नका. घाईत चाचण्या वगळल्या की पुढच्याच आठवड्यात दुरुस्तीचं रिलीज काढावं लागतं, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की या बाबतीत आता मी कुणाचं ऐकत नाही.

आणि 'मी करतो' म्हणून गप्प बसलेल्या माणसाची वाट पाहू नका. फ्रीजच्या दहा दिवस आधी मी प्रत्येकाला वेगळं विचारतो, "जमतंय का? नसेल तर आत्ताच सांगा, राग नाही." ज्यांचं उत्तर येत नाही, त्यांचं काम मी त्याच दिवशी पुढच्या आवृत्तीच्या यादीत टाकतो आणि तसं त्यांना कळवतो.