सौर मांडवाची जागा सावली आखून ठरवावी

गच्चीवर उंच सांगाड्यावर सौर पॅनेल बसवले की विजेबरोबर खाली सावलीही मिळते. मात्र पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या ओळीतील सगळ्या पॅनेलची वीज घटू शकते. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, सांगाड्याचे माप देण्यापूर्वी, शक्यतो डिसेंबरमध्ये, सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता टाकीच्या सावलीच्या कडा खडूने आखून घ्याव्यात. कोल्हापुरात त्या महिन्यात माध्यान्हीची सावली उंचीच्या सुमारे 0.85 पट असते, सकाळी 9 वाजता ती उंचीच्या सुमारे 2.2 पट आणि दुपारी 3 वाजता सुमारे 1.4 पट होते. हा हिशेब पॅनेलच्या पातळीच्या वर उरणाऱ्या उंचीचाच धरावा, कारण सांगाडा उंच केला की सावली आखडते. सांगाडा कॉलमवरच जखडावा. नुसत्या वजनावर उभा केलेला मांडव पावसाळी वाऱ्यात उचलला जाण्याचा धोका खरा आहे.