साजाच्या पेटीत आडव्या-उभ्या पट्ट्यांचे कप्पे

साज, ठुशी आणि नथ एकाच पेटीत टाकली की सगळं एकमेकांत गुंततं. एकमेकींत अडकणाऱ्या तीन पट्ट्यांनी सहा कप्पे होतात आणि खिळा एकही लागत नाही.

पेटी आतून ३०० × २०० मि.मी., खोली ६५ मि.मी. धरू. ६ मि.मी. प्लायच्या, ६० मि.मी. उंचीच्या पट्ट्या घ्या : एक २९९ लांब, दोन १९९. तो एक मिलिमीटर मुद्दाम कमी आहे. नाहीतर कोल्हापूरच्या पावसाळ्यात पेटी आवळली, की कप्पे पुसायला बाहेर निघणार नाहीत.

पॉलिश पेपर आधी मारा, आखणी नंतर. खाच कापून मग घासलं की पट्टी पातळ होते आणि चांगला बसलेला सांधा खुळखुळतो. बहुतेकांचं इथंच चुकतं.

लांब पट्टीवर दोन्ही टोकांपासून ९५.५ मि.मी.वर खूण करा. आखूड पट्ट्यांवर एका टोकापासून ६० वर. पुढे नथ-कुड्यांचे छोटे कप्पे, मागे साजाला ऐसपैस जागा. खाचेची रुंदी मात्र स्केलने मोजू नका, कारण ६ चा म्हणून आणलेला प्लाय बऱ्याचदा थोडा कमी भरतो. दुसरी पट्टीच गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) लावून खुणेपासून आतल्या अंगाला उभी धरा आणि तिच्या दोन्ही बाजूंनी कटरने रेघ ओढा. वरचा पापुद्रा आधीच तुटलेला असला की करवतीने कड उसवत नाही.

खाचेची खोली निम्मी, म्हणजे ३० मि.मी. लांब पट्टीला वरून, आखूड पट्ट्यांना खालून. दोन्ही आखूड पट्ट्या टेपने बांधून एकदमच कापा. करवत रेघेच्या आत चालवा, रेघ शिल्लक दिसली पाहिजे. मधला तुकडा पटाशीने निम्मा एका बाजूने, निम्मा उलटून काढा. एकाच बाजूने ठोकलं की मागचा पापुद्रा उडतो.

आखूड पट्टी अंगठ्याच्या दाबाने सरकत खाली जायला हवी. हातोडी घ्यावीशी वाटली तर पट्टी काढून बघा, घासून चकचकीत झालेली जागा दिसेल. तेवढ्यावरच कानस फिरवा. पट्टी दोन मिलिमीटर वर राहिली तर खाच उथळ आहे. सैल झाली तर खाचेत रंध्याची पातळ ढलपी चिकटवा. फेव्हिकॉलचा एक थेंब फक्त सांध्यात, पेटीला नाही.

सागवान वापरत असाल तर लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने ठेवा आणि टोकाला अगदी लागून खाच घेऊ नका, कडेचा तुकडा रेषेतूनच फुटतो. पट्ट्यांना मखमल लावायची असेल, तर खाच मखमल चिकटवलेल्या तुकड्यावरून आखा.