प्रवासासाठी कॅमेरा निवडताना या चुका टाळा

कॅमेऱ्याच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न बहुधा "बजेट किती?" असा येतो आणि दुसरा "किती मेगापिक्सेलचा दाखवू?" असा, तुम्ही जाणार कुठे आहात, हे क्वचितच कोणी विचारते. निवड चुकते ती इथेच. श्रावणातला हरिश्चंद्रगड, कासचे पठार, अजिंठ्याची लेणी आणि ताडोबातली सफारी या चारही ठिकाणी कॅमेऱ्यापुढची अडचण वेगळी असते. कुठे पाणी असते, कुठे अंतर, तर कुठे अपुरा उजेड. यांपैकी आपली गाठ मुख्यतः कशाशी पडणार आहे, हे ठरवण्याआधी घेतलेला कॅमेरा वर्षभरात कपाटात जाऊन बसतो.

मेगापिक्सेलचा विषय चटकन संपवता येतो. ए-४ आकाराच्या कागदावर उत्तम दर्जाची छपाई करायची, तर साधारण ९ मेगापिक्सेल पुरतात, आणि आज बाजारात मिळणारा जवळपास कोणताही कॅमेरा त्याच्या दुप्पट तरी देतो. त्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते लेन्सकडे वळवावेत.

वजनाचा हिशेब फक्त बॉडीपुरता, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यापुरता, करणे ही दुसरी चूक. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, तर एपीएस-सी प्रकारचा सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो. सेन्सर मोठा झाला की त्याला प्रकाश पुरवणारी लेन्सही जाडजूड होते, त्यामुळे बॉडी जरी सहाशे-सातशे ग्रॅमची असली, तरी दोन चांगल्या झूम लेन्स, चार्जर आणि पिशवी धरून ओझे अडीच-तीन किलोंवर सहज जाते. विमानात हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा ७ किलोंची असते हा भाग वेगळा; खरी अडचण गडावर कळते. जड कॅमेरा गळ्यात नकोसा होतो, म्हणून तो सॅकमध्ये जातो, आणि सॅक उतरवून, पावसाचे आवरण काढून तो हातात येईपर्यंत कोकणकड्यावर क्षणभर फाटलेले धुके पुन्हा भरून आलेले असते. पायी भटकणाऱ्याने म्हणूनच एपीएस-सी मिररलेस (आत आरसा नसलेली, म्हणून आटोपशीर) बॉडी आणि एकच बहुउपयोगी लेन्स यांपलीकडे जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

पावसाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे मी स्वतः फसलो आहे. माझ्या कॅमेऱ्याची बॉडी पाणीरोधक सांध्यांची होती आणि त्या भरवशावर मी पाचनईच्या वाटेने ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगड चढलो. त्यावर बसवलेली किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी) साधी होती, याचा विचारही मनात आला नाही. अशी लेन्स झूम करताना पुढे सरकते, तेव्हा पिचकारीसारखी बाहेरची ओलसर हवा आत ओढते. कॅमेरा बंद पडला नाही, म्हणून मी निर्धास्तपणे तो पिशवीसकट कपाटात ठेवला. दसऱ्याच्या सुमारास लेन्स उजेडाकडे धरून पाहिली, तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू पसरलेले होते. ती बुरशी होती.

तेव्हा लक्षात ठेवावे की बॉडी आणि लेन्स दोन्ही पाणीरोधक असतील तरच त्या शब्दाला अर्थ आहे. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्याभोवती रबराची बारीक किनार दिसते का, हे दुकानातच पाहावे. ती असली तरी उपकरण पावसाच्या शिडकाव्यापुरतेच सुरक्षित असते, धबधब्याखाली धरण्याजोगे नव्हे, आणि पाण्याने झालेली हानी सहसा वॉरंटीत बसत नाही. ज्यांना खरोखर भिजत फिरायचे आहे, त्यांनी ऑलिंपसची टीजी-६ किंवा २०२३ मध्ये आलेली ओएम सिस्टिमची टीजी-७ असा छोटेखानी जलरोधक कॅमेरा पाहावा. तो १५ मीटर खोल पाण्यातही चालतो. त्याचा सेन्सर लहान असल्याने संध्याकाळनंतर चित्र दाणेदार होते, ही तडजोड मान्य असावी.

हाच छोटा कॅमेरा कासच्या पठारावर अनेक महागड्या कॅमेऱ्यांना मागे टाकतो. सीतेची आसवे हे तिथले निळेजांभळे फूल नखाएवढे असते. नेहमीची १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स सेन्सरपासून सुमारे २५ सेंटिमीटरपेक्षा जवळचे टिपू शकत नाही आणि लांब पल्ल्याच्या झूमला तर बहुधा मीटरभर अंतर लागते. टीजी मालिकेतला कॅमेरा भिंगापासून १ सेंटिमीटरवर फोकस करतो. लोक झूमचा आकडा पाहून लेन्स घेतात आणि ती किती जवळून फोकस करते, हे पाहतच नाहीत. सोबत बाहेर वळणारा स्क्रीन असावा, म्हणजे पायवाट न सोडता आणि चिखलात न लोळता फूल चौकटीत घेता येते.

अजिंठ्यात फ्लॅश आणि ट्रायपॉड दोन्हींना मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. तिथल्या मंद उजेडात एफ/५.६ वर थांबणारी किट लेन्स हतबल होते. एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे उघडते; एफ/१.८ ची लेन्स तिच्यापेक्षा जवळपास दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे शटर एक षष्ठांश सेकंद उघडे राहून चित्र हलले असते, तिथे एक साठांश सेकंदात काम होते. लेन्सचा मिलिमीटरचा आकडा वाढला की दृश्य जवळ येते, पण चौकट अरुंद होते; एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लेण्यात अरुंद पडते, ३५ मिलिमीटरची घ्यावी.

ताडोबाला जाणाऱ्यांची चूक सर्वांत साधी असते: ते मोबाइलवर विसंबतात, आणि सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत. तिथे किमान ३०० मिलिमीटरची लेन्स हवी. इथे लहान सेन्सर फायद्याचा ठरतो, कारण एपीएस-सीवर ४०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या ६०० मिलिमीटरइतकी चौकट देते. जिप्सीत ट्रायपॉड लावता येत नाही. दांड्यावर धान्य भरलेली कापडी पिशवी टाकली की लेन्स स्थिर राहते.

राहिल्या प्रवासातल्या तक्रारी. वातानुकूलित गाडीतून आंबोलीच्या दमट हवेत कॅमेरा बाहेर काढताच भिंग धुरकटते. ते पुसत बसू नये. उतरण्याच्या अर्धा तास आधी गाडीतला थंडावा कमी करावा आणि कॅमेरा बंद पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. मिररलेसची बॅटरी दिवसभर पुरत नाही, म्हणून एक जादा ठेवावी, मात्र विमानात ती हातातल्या सामानातच न्यावी लागते. घरी परतल्यावर कॅमेरा ओलसर पिशवीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

आणि पाणी आत गेलेच, तर "चालू होतोय का" हे बघण्याचा मोह आवरावा, बॅटरी आणि कार्ड ताबडतोब काढावे आणि कॅमेरा दुरुस्तीसाठी द्यावा. तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने ओल फारशी निघत नाही, तांदळाची पूड मात्र लेन्सच्या कड्यांत जाऊन बसते.