नव्या नोकरीत आधीच ठरलेल्या रजेचा विषय केव्हा काढावा

नोकरी शोधणाऱ्या माणसाचे बाकीचे आयुष्य निवडीचा निकाल लागेपर्यंत थांबून राहत नाही. कित्येक महिने आधी काढलेली तिकिटे, घरातले लग्न, मुलांच्या परीक्षांनंतर ठरलेला प्रवास यांपैकी काही ना काही नेमके नव्या नोकरीच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत येते, आणि ते समोरच्या संस्थेला केव्हा सांगावे हे उमजत नाही. पहिल्याच भेटीत विषय काढला तर कामाआधी सुट्टीचे बोलणारा उमेदवार अशी समजूत होईल असे वाटते. रुजू झाल्यावर काढला तर आधी का सांगितले नाही, हा प्रश्न ठरलेलाच असतो. बहुतेकांच्या बाबतीत योग्य वेळ या दोहोंच्या मध्ये येते: संस्थेने नोकरी देऊ केल्यानंतर आणि आपण ती लेखी स्वीकारण्यापूर्वी.

निवडीची प्रक्रिया संस्थेच्या बाजूने पाहिली की यामागचे कारण ध्यानात येते. मुलाखतींच्या फेऱ्या चालू असताना निवड करणाऱ्यांपुढे अनेकदा दोन-तीन तुल्यबळ उमेदवार असतात आणि त्यांच्यात डावे-उजवे करायला ते काहीतरी आधार शोधत असतात. अशा वेळी सांगितलेली दहा दिवसांची रजा, आपल्या कौशल्याशी तिचा काडीचा संबंध नसला तरी, आपल्याविरुद्ध धरली जाऊ शकते. निवड पक्की झाली की हेच चित्र पालटते. पगार, पद आणि रुजू होण्याची तारीख यांवर बोलणी तशीही व्हायचीच असतात, त्यांत रजा हे आणखी एक कलम म्हणून सहज बसते आणि तेवढ्यासाठी शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा असे सहसा कोणाला वाटत नाही. सही झाल्यानंतर मात्र तीच रजा सर्वस्वी नव्या साहेबांच्या मर्जीवर अवलंबून राहते. या क्रमाला कोणी चलाखी म्हणेल, पण ते खरे नाही. संस्थासुद्धा देऊ केलेल्या पगाराचा नेमका आकडा पहिल्या भेटीत उघड करत नाही, आणि त्याला कोणी लपवाछपवी म्हणत नाही.

काही प्रसंगी मात्र याहून आधी सांगणे भाग असते. त्यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या रजेमुळे फक्त वेळापत्रक थोडे हलणार आहे, की हे माहीत असते तर आपली निवडच झाली नसती? वर्षअखेरच्या हिशेबांसाठी लेखापाल हवा आहे आणि आपण नेमके त्याच पंधरवड्यात बाहेर असणार; तीन महिन्यांचे कंत्राट आहे आणि त्यातले तीन आठवडे आपण नसणार; सगळ्या नव्या उमेदवारांचे प्रशिक्षण एकाच दिवशी सुरू होते आणि त्याच आठवड्यात आपला प्रवास आहे; किंवा दीर्घ रजेवर जाणाऱ्या कर्मचाऱ्याकडून काम समजून घ्यायचे आहे आणि ती व्यक्ती निघेपर्यंत आपण परतणारच नाही. अशा ठिकाणी निवड झाल्यावर सांगणे म्हणजे संस्थेला अडचणीत पकडणे होय, आणि तिथे अखेरच्या फेरीपूर्वीच बोलावे. रजा सलग तीन आठवड्यांहून मोठी असेल तर काम कुठल्याही प्रकारचे असो, हाच मार्ग बरा.

मुलाखतीत थेट विचारले गेले तर वेळेचा हिशेब करत बसू नये. ‘येत्या काही महिन्यांत आपली काही मोठी रजा ठरलेली आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून नंतर तिकिटे पुढे करणे हे उघड खोटे बोलणे ठरते आणि नव्या जागी विश्वास कमवायच्या दिवसांत ते फार महाग पडते. तारखा सांगाव्यात, त्या जुळवून घेण्याची तयारी असल्यास तीही सांगावी आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे. ‘किती दिवसांत रुजू होऊ शकाल?’ हा प्रश्न मात्र निराळा आहे. त्याचे खरे उत्तर नोटीस पिरियड आणि आपली सोय धरून द्यावे, त्यात दोन महिन्यांनंतरची रजा गुंफण्याची गरज नसते. प्रवास मुलाखतींच्याच काळात येत असेल तर ‘अमुक ते अमुक तारखांना मी उपलब्ध नाही’ एवढेच कळवणे पुरते.

आता प्रत्यक्ष सांगायचे कसे ते पाहू. निवडीची बातमी बऱ्याचदा फोनवर येते आणि आनंदाच्या भरात ‘हो, मला मान्य आहे’ असे तोंडून निघून जाते. तिथे स्वतःला आवरावे. आभार मानावेत, काम आवडल्याचे मोकळेपणाने सांगावे आणि लेखी प्रस्ताव पाठवण्याची विनंती करावी. बोलणे रुजू होण्याच्या तारखेवर आले की रजेचा उल्लेख तिथेच करावा, कारण दोन्ही प्रश्न मुळात कॅलेंडरचेच आहेत. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तेच लिहून कळवावे. मजकूर साधारण असा असावा:

‘नमस्कार. आपला प्रस्ताव मिळाला, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. १ एप्रिल रोजी रुजू होण्याची माझी तयारी आहे. तत्पूर्वी एक बाब आपल्या कानावर घालत आहे. १२ ते २३ मे या काळात माझा प्रवास आधीपासून ठरलेला असून त्यात कामाचे दहा दिवस जातात. तोपर्यंत तेवढी रजा माझ्या खाती जमा झालेली नसेल, याची मला कल्पना आहे. उरलेले दिवस बिनपगारी धरण्यास माझी हरकत नाही. आपली संमती असल्यास तसा उल्लेख नियुक्तिपत्रात किंवा या ईमेलच्या उत्तरात करावा, ही विनंती.’

या मजकुरात प्रवास कुठे, कोणाबरोबर, कशासाठी यातले काही नाही आणि ते मुद्दामच टाळले आहे. कारण जितके लांबवावे तितके ते समर्थनासारखे वाटू लागते. शस्त्रक्रिया, उपचार किंवा घरातले आजारपण यांसाठी रजा हवी असेल तर ‘वैयक्तिक कारण’ एवढ्यावर थांबायला हरकत नाही, पण सहलीला आजारपणाचे नाव कधीही देऊ नये. तिकिटांचे पैसे परत मिळणार नाहीत, हे फार तर एकदा सांगावे. तो खर्च आपण केला आहे, संस्थेने नाही, आणि त्यावर भर दिला की ऐकणारा नकळत बचावाच्या पवित्र्यात जातो.

दिवसांचे गणित आधी मांडून पाहिलेले असावे. वर्षाला २४ दिवस पगारी रजा मिळत असेल आणि ती दरमहा जमा होत असेल, तर १ एप्रिलला रुजू झालेल्याच्या खाती मेच्या मध्यापर्यंत जेमतेम २ दिवस असतात आणि ८ कमी पडतात. काही संस्था हे ८ दिवस आगाऊ देऊन पुढच्या महिन्यांत वळते करतात, काही बिनपगारी धरतात, तर काही जण परिविक्षा काळात, म्हणजे प्रोबेशनमध्ये, पगारी रजाच देत नाहीत. बिनपगारी रजा घेताना मधल्या साप्ताहिक सुट्ट्यांचाही पगार कापला जातो का आणि तेवढ्या दिवसांनी परिविक्षा काळ वाढतो का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

नवीन माणसाला सुरुवातीला रजा नाहीच, असे अनेक ठिकाणी ठामपणे सांगितले जाते, पण याबाबतचे नियम देशागणिक बदलतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७० मधील पगारी रजेविषयीच्या करारात (क्रमांक १३२) वर्षाच्या सेवेमागे किमान तीन आठवडे रजा ठरवली असून त्यासाठी किमान सेवेची अट घालण्यास मुभा आहे. मात्र ती अट सहा महिन्यांहून मोठी असता कामा नये. ब्रिटनमध्ये सलग १३ आठवडे काम केल्याखेरीज वार्षिक रजेचा हक्क मिळत नसे. प्रसारण आणि चित्रपट क्षेत्रातल्या एका कामगार संघटनेच्या सभासदांची कंत्राटे त्याहून छोटी असल्याने त्यांना रजा कधीच मिळत नव्हती, आणि त्यांच्याच प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २००१ मध्ये ही अट बेकायदा ठरवली. उलट अमेरिकेत खासगी नोकरदारांना पगारी सुट्टी द्यावीच, असा केंद्रीय कायदा नाही. तेव्हा लागू असलेला नियम आणि संस्थेचे रजेचे धोरण बोलणी करण्यापूर्वी वाचलेले बरे.

रजा रुजू झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आतच येत असेल तर ती मागण्यापेक्षा रुजू होण्याची तारीखच पुढे ढकलण्याचा प्रस्ताव द्यावा. पहिला आठवडा काम शिकून लगेच गायब होण्यापेक्षा हे दोन्ही बाजूंना सोयीचे असते. फक्त जुन्या नोकरीचा अखेरचा पगार आणि नव्याचा पहिला यांत किती अंतर पडेल, तेवढे पाहून घ्यावे. ‘प्रवासातूनच काम करेन’ हे आश्वासन मात्र सहज देऊ नये. परदेशातून काम केल्यास व्हिसा, कर आणि माहितीची सुरक्षितता यांचे प्रश्न उभे राहतात. शिवाय अशा प्रवासात धड काम होत नाही आणि धड सुट्टीही होत नाही.

नकार आला तर लगेच हो किंवा नाही म्हणू नये. अडचण नेमकी कशाची आहे ते विचारावे. अनेकदा संपूर्ण काळ नव्हे, तर त्यातले दोन-तीन दिवसच अडलेले असतात आणि परतीची तारीख अलीकडे आणून प्रश्न सुटतो. तरीही जमत नसेल तर ही रजा आपल्यासाठी नोकरीवर पाणी सोडण्याइतकी मोलाची आहे का, याचे उत्तर तयार हवे. सख्ख्या बहिणीचे लग्न आणि पुन्हा कधीही ठरवता येईल अशी सहल यांना एकाच मापाने मोजता येत नाही. हे उत्तर बोलणी सुरू होण्याआधी घरी ठरवलेले असावे, फोनवर नव्हे.

सही होऊन गेली आणि मग आठवण झाली, तर रुजू होण्याच्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच दिवशी कळवावे, उशीर झाल्याबद्दल एका वाक्यात दिलगिरी व्यक्त करावी आणि या वेळी मात्र सूर विनंतीचाच ठेवावा.

होकार मिळाला तरी काम संपत नाही. ‘बघू, काही अडचण येणार नाही’ हे शब्द मंजुरी नव्हेत. तारखांसह लेखी उत्तर हवे. ते उत्तर देणारा एचआर विभाग आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचे ते साहेब यांच्यात बोलणे झालेलेच असते असे नाही, म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात साहेबांच्या कानावर तारखा पुन्हा घालाव्यात आणि संस्थेच्या पद्धतीप्रमाणे रजेचा रीतसर अर्जही भरावा. मधल्या काळात वरिष्ठ बदलले, तर मंजुरीचा तो ईमेल नव्या वरिष्ठांकडे त्यांच्या पहिल्याच आठवड्यात पाठवून द्यावा.